इलेक्ट्रिक कार ‘हरली’ का? की आपला प्रश्नच चुकला?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की पहिला मोह होतो तो ‘अमुक गोष्ट अयशस्वी का झाली?’ असं शीर्षक देण्याचा. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षकही जवळपास तसंच होतं: ‘विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इलेक्ट्रिक कार अयशस्वी का ठरली?’ गाईडनी तो कागद परत दिला तेव्हा समासात दोनच शब्द होते: ‘कुणासाठी? कधी?’ तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या दोन शब्दांनी माझं निदान एक वर्ष वाचवलं. कसं, ते याच उदाहरणावरून बघू.

आधी पार्श्वभूमी. इलेक्ट्रिक कार ही काही आजची गोष्ट नाही. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत कारखान्यांतून बाहेर पडलेल्या ४,१९२ मोटारी नोंदवल्या आहेत. त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. त्याच सुमारास, २९ एप्रिल १८९९ रोजी, कामी जेनात्झी यांनी फ्रान्समध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला, तोही विजेच्या गाडीत. म्हणजे त्या वर्षी कुणी ‘भविष्य कशाचं?’ असं विचारलं असतं, तर ‘पेट्रोलचं’ असं छातीठोकपणे सांगणं अवघड होतं.

मग पुढे काय झालं? बहुतेक ठिकाणी एक तयार उत्तर सापडतं. इलेक्ट्रिक गाडी एका चार्जवर फार लांब जात नसे, चार्जिंगला वेळ लागे, गाडी महाग होती. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारावं लागे, तेवढाच तिचा मोठा दोष. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर बसवला, दोष गेला, खेळ संपला.

हे उत्तर वाचून समाधान होतं ना? माझंही झालं होतं. आता ते जरा कसाला लावू.

पहिली कसोटी: कालक्रम

कारण परिणामाच्या आधी यायला हवं, हे आपण सगळेच तोंडाने म्हणतो. पण तारखा एकाखाली एक लिहून बघायचा कंटाळा करतो. त्या लिहून बघा.

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली. १९१३ मध्ये फोर्डने सरकती जुळणी-साखळी सुरू केली आणि १९१४ च्या सुमारास वर्षाला दोन लाखांहून जास्त गाड्या निघू लागल्या. पण मॉडेल टीला सेल्फ स्टार्टर मिळाला तो १९१९ मध्ये. म्हणजे ज्या गाडीने बाजार काबीज केला, ती तोवर हँडल मारूनच सुरू होत होती! मग सेल्फ स्टार्टर हे मुख्य कारण कसं ठरेल?

ते अगदीच गैरलागू मात्र नाही. कॅडिलॅक घेणारं शहरातलं सधन कुटुंब हेच इलेक्ट्रिक गाडीचंही गिऱ्हाईक होतं. त्या छोट्या वर्गापुरता सेल्फ स्टार्टरचा फटका खरा असणार. बघा, ‘कुणासाठी?’ हा प्रश्न इथेच हजर झाला.

दुसरी कसोटी: आकडा कुणी दिला?

आता एका चार्जवर गाडी किती धावे, याकडे वळू. डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही त्या काळातली नावाजलेली गाडी, १९०७ पासून बनत होती. जाहिरातीत एका चार्जवर ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर, सांगितलेले असत. एका चाचणीत तर ती २११ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर धावली. वेग मात्र ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आसपास.

यातला कुठला आकडा प्रबंधात टाकाल? चाचणीचा आकडा गाडीची कमाल मर्यादा सांगतो, रोजचा वापर नाही. लेड-ॲसिड बॅटरी थंडीत कमी साथ देते, चढावर लवकर उतरते, जुनी झाली की क्षमता घटते. ती चार्ज न करता तशीच पडू दिली तर प्लेटा खराब होतात. एडिसनच्या निकेल-लोखंडाच्या बॅटरीचं आयुष्य जास्त होतं. पण तिची पहिली आवृत्ती बाजारातून परत घ्यावी लागली, आणि सुधारलेली आली तेव्हा साल १९१० च्या आसपास पोचलं होतं. शिवाय ती चांगलीच महाग. थंडीची तक्रार तिचीही होतीच.

दुसऱ्या बाजूने विचार करा. जिला शहरातच बाजारहाट, भेटीगाठी करून संध्याकाळी घरी यायचं आहे, तिला १३० काय, ६० किलोमीटरही पुरून उरत. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. त्यांची १९१४ ची गाडी आजही संग्रहालयात आहे. म्हणजे ‘मर्यादा’ नुसती बॅटरीत नसते. बॅटरी आणि माणसाची दिनचर्या यांच्यात जे अंतर पडतं, तिथे ती असते.

तिसरी कसोटी: गाडीच्या बाहेर बघा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मी गाडीकडे बघत बसलो, भिंतीतल्या प्लगकडे बघितलंच नाही.

१९२० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या साधारण ३५ टक्के घरांतच वीज होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतावरच्या घरांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. जिथे वीज होती तिथे ती बऱ्याचदा एसी. बॅटरीला लागते डीसी. म्हणजे घरी गाडी चार्ज करायची तर आधी रेक्टिफायर विकत घ्या. शहरात यावर तोडगा होता तो इलेक्ट्रिक गॅरेजचा. गाडी रात्री तिथे ठेवायची, ते धुऊन, चार्ज करून, सकाळी दाराशी आणून देत. सोय उत्तम, पण दर महिन्याचा खर्च वेगळा.

शेतकऱ्याला मात्र पेट्रोल गावच्या दुकानातून डब्यात भरून आणता येत होतं. मॉडेल टीच्या चाकाला पट्टा लावून तो शेतातली यंत्रंही चालवायचा. किमतीत तर तुलनाच नको: १९१२ च्या सुमारास इलेक्ट्रिक रोडस्टर १,७५० डॉलरला, तर पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळत होती.

तालबी आणि नील्सन या अभ्यासकांनी २०२१ मध्ये ३६ हजारांहून अधिक अमेरिकन मोटार-मॉडेल्सची माहिती तपासली. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की विजेचं जाळं पंधरा-वीस वर्षं आधी पसरलं असतं, तर इलेक्ट्रिक गाडी बनवणं अनेक उत्पादकांना परवडलं असतं. हा ‘असं झालं असतं तर’ छापाचा युक्तिवाद आहे, त्यामुळे तो जपून वापरा. पण लक्ष गाडीवरून जाळ्याकडे वळवतो, हे त्याचं मोल.

चौथी कसोटी: अपवाद शोधा

‘अयशस्वी’ म्हटल्यावर जे यशस्वी झाले ते शोधणं ही आपली जबाबदारी. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीने १९१० च्या दशकापासून १९२४ पर्यंत मालवाहू गाड्यांसाठी बॅटरी अदलाबदलीची सेवा चालवली. गिऱ्हाईक बॅटरीशिवाय गाडी विकत घेई आणि बॅटरीसाठी ठरावीक मासिक रक्कम अधिक मैलामागे आकार देई. बॅटरी खराब होण्याची काळजी मालकाची नाही, कंपनीची. इतकी वर्षं चाललेल्या गोष्टीला फसलेला प्रयोग म्हणणं कठीण आहे. ब्रिटनमध्ये दूधवाटपाच्या इलेक्ट्रिक गाड्या तर पुढे कित्येक दशकं चालल्या. ठरलेला रस्ता, घरोघरी थांबणं, कमी वेग, आणि काम संपलं की डेपोत परत. बॅटरीला याहून सोयीचं काम कुठलं?

उलट उदाहरणही नोंदवा. न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक टॅक्स्यांकडेही १८९७ पासून बॅटरी बदलण्याची यांत्रिक सोय होती. तरी त्या चालवणारी इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी १९०७ मध्ये दिवाळखोरीत गेली. कल्पना जवळपास तीच, निकाल वेगळे. इतिहासकार डेव्हिड कर्श यांनी २००० साली आलेल्या पुस्तकात तंत्रज्ञानाबरोबर कंपन्या, त्यांचे निर्णय आणि सेवेची व्यवस्था यांना मध्यभागी आणलं, ते यासाठीच. व्हर्जिनिया शार्फ यांचं १९९१ चं पुस्तक आणखी एक पदर उलगडतं: ‘बायकांची गाडी’ अशी जाहिरात झाल्याने इलेक्ट्रिक कारकडे कसं बघितलं गेलं, तो.

मग आराखड्यात काय बदललं?

प्रश्न बदलला. आधी होता: ‘इलेक्ट्रिक कार अयशस्वी का ठरली?’ नंतर झाला: ‘१९१० ते १९२० या काळात, अमेरिकन शहरांत, इलेक्ट्रिक वाहन बाळगणं कुणाला परवडत आणि सोयीचं होतं, आणि बॅटरीची जोखीम कोण उचलत होतं?’ लांबलचक आहे, मान्य. पण याचं उत्तर शोधायला कुठे जायचं ते तरी कळतं: वीज कंपन्यांचे अहवाल, गॅरेजचे दर, व्यापारी मासिकं. तिथेही सावध राहायचं. वीज कंपन्यांना रात्री पडून राहणारी वीज खपवायची होती, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीचं कौतुक त्यांच्या फायद्याचंच होतं.

हे सगळं आत्ता का सांगतोय? आज तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार्जिंग पॉइंटवरून वाद रंगतो, तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, ‘शंभर वर्षांपूर्वी हे करून बघितलंय, चालत नाही.’ इतिहासाचा हा दाखला खोटा आहे. आणि ‘तेल कंपन्यांनी मारली, नाहीतर तेव्हाच सगळीकडे चालली असती’ हा दाखलाही तितकाच घाईचा. दोन्हीकडे ‘कुणासाठी? कधी?’ विचारायचं राहून गेलेलं असतं.

तुमच्यासाठी गृहपाठ: २००१ मध्ये बंगळुरूत आलेली ‘रेवा’ घ्या. लेड-ॲसिड बॅटरी, एका चार्जवर सुमारे ८० किलोमीटर. हीच गाडी लंडनमध्ये ‘जी-विझ’ नावाने विकली गेली, कारण तिथे तिला शहरात शिरण्याचा कर माफ होता. गाडी तीच, शहरं दोन. यावर एकच संशोधन-प्रश्न लिहा. अट इतकीच, की त्यात ‘अयशस्वी’ हा शब्द नको.