शब्दवेध : प्रारब्ध

जमत आलेलं लग्न फिसकटलं की घरातली मोठी माणसं 'प्रारब्ध!' म्हणून हात टेकतात. शब्द मात्र हात टेकणारा नाही. संस्कृत 'रभ्' धातूला 'प्र' आणि 'आ' हे उपसर्ग लागून तो झाला. आपला रोजचा 'प्रारंभ'ही त्याच घडणीचा. प्रारब्ध म्हणजे ज्याला सुरुवात झाली आहे ते. वेदान्तात कर्म तीन प्रकारचं: साठलेलं ते संचित, फळ देऊ लागलेलं ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडतंय ते क्रियमाण. हे तिसरं आपण बोलताना साफ विसरतो.

सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं, ही समजूत तर जन्मापासूनची. बाळाच्या पाचवीला पाट्या-वरवंट्याची पूजा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येऊन भाळी लेख लिहिते, अशी श्रद्धा. सटवाई हे नाव 'षष्ठी'वरून आलं, आणि 'पाचवीला पुजलेलं' हा वाक्प्रचारही याच पूजेतला. सकाळी कागद कोराच असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. तो भरायचा आपल्या क्रियमाणानं. भांडणानंतर आधी कुणी बोलायचं, निघालेल्या माणसाला थांब म्हणायचं की नाही, असल्या बारीक होकार-नकारांवरच संसार उभे राहतात. तेव्हा तुटत आलेल्या नात्याला प्रारब्ध म्हणण्याआधी एकदा फोन करून बघा.