पडत्या भावाचे मोल
मुंबईचा १८६५चा शेअर सट्टा आणि त्यानंतरच्या काही खरेद्या

मुंबईच्या १८६५च्या शेअर सट्ट्याची गोष्ट आपल्याकडे बहुधा तेजीच्या अंगाने सांगितली जाते. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, शहर हुरळून गेले आणि युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद, बॅक बे आणि राजाबाई टॉवर ही नावे घेतली की गोष्ट पुरी होते. भाव कोसळल्यावर कोणी काय विकत घेतले आणि त्या खरेदीचे पुढे काय झाले, याची चर्चा फारशी होत नाही. वास्तविक अवघड प्रश्न तिथेच उभा राहतो. तेजीत चढ्या भावाने घेणारा फसला, हे मागाहून पोरालाही कळते. पडलेला भाव ही स्वस्ताई आहे की मोडकळीची खूण आहे, हे मात्र घेणाऱ्याला त्या घडीलाच ओळखावे लागते.

आधी तेजीचा आकार थोडक्यात पाहू. १८६१ ते १८६५ या काळात कापसाच्या नेहमीच्या किमतीवर मुंबईला जो जादा पैसा मिळाला, त्याचे जुने अंदाज सात-आठ कोटी पौंडांचे आहेत. एवढा पैसा गुंतवायला शहरात पुरेसे उद्योग नव्हते. मग कंपन्याच काढल्या जाऊ लागल्या. जानेवारी १८६५मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. प्रेस म्हणजे येथे कापसाच्या गठ्ठ्या दाबण्याचे कारखाने.

यांत सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पश्चिमेकडचा उथळ समुद्र भरून जमीन काढायची आणि ती विकायची, असा तिचा बेत. शेअर पाच हजारांचा. मुंबई सरकारने यांतले ४०० शेअर स्वतःकडे ठेवायचे ठरवले होते. हिंदुस्थान सरकारने त्याला हरकत घेतली, तेव्हा ते लिलावात निघाले आणि त्यांचे एक कोटी सहा लाख रुपये आले. म्हणजे दर शेअरला साडेसव्वीस हजार. पुढे हाच भाव पन्नास हजारांवर गेला, असे नमूद आहे. तोवर समुद्र जिथल्या तिथे होता.

एप्रिल १८६५मध्ये जनरल ली शरण आला. त्याची बातमी मुंबईला पोहोचली आणि कापसाचा भाव घसरला. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची पेढी बुडाली. बाजारातले बरेचसे सौदे मुदतीचे होते आणि १ जुलै हा त्यांच्या हिशेबाचा दिवस होता. त्या दिवशी देणे कोणालाच फेडता येईना, कारण प्रत्येकाचे येणे दुसऱ्या एखाद्या बुडालेल्याकडे होते. एवढी दिवाळखोरी नेहमीच्या कोर्टाला झेपणारी नव्हती. १८६५चा २८वा कायदा त्यासाठी खास करावा लागला. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवर जाऊन आला होता; तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला.

या आकड्यांकडे घेणाऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजे. पन्नास हजारांचा कागद वीस हजारांना मिळू लागला, तेव्हा तो कोणाला तरी स्वस्त वाटला असणारच. साठ टक्के उतरलेली वस्तू आणखी किती उतरेल? उत्तर असे, की वीस हजारांना घेणाऱ्याचे नंतर रुपयातले नव्वद पैसे गेले. दर्शनी किमतीला, पाच हजारांना, घेणाऱ्याचेही साठ पैसे गेले. भाव किती उंचावरून पडला, हे त्या वस्तूचे मोल ठरवायला कामाला येत नाही. पूर्वीचा भाव ही केवळ लोकांच्या एकेकाळच्या हावेची नोंद असते. मोल ठरवायचे तर कागदाखाली काय आहे ते पाहावे लागते.

बॅक बेच्या कागदाखाली होती ती पुढेमागे निघणारी जमीन. त्या जमिनीला भाव येणार तो मुंबईत पैसा खेळता राहिला तर, आणि पैसा खेळता राहणार तो कापूस महाग राहिला तर. म्हणजे कापसाचा सट्टाच इथे जमिनीच्या नावाने चालला होता. कंपनी मोडीत निघाली, अर्धवट भराव सरकारकडे गेला आणि त्या पट्टीवरून पुढे बी.बी.सी.आय. रेल्वे धावली. शहराला उपयोग झाला, भागधारकाला नाही.

फायनान्शियल असोसिएशनांची गत याहून शिकवण्यासारखी आहे. आजच्या वाचकाला त्या एक प्रकारच्या फंडासारख्या वाटतील: लोकांकडून भांडवल गोळा करायचे, त्यातून इतर कंपन्यांचे शेअर घ्यायचे किंवा शेअर तारण ठेवून कर्जे द्यायची. एका शेअरमध्ये धोका असेल, पण अनेकांत विभागला की कमी होईल, असा त्यामागचा दिलासा. पण सगळ्या शेअरांचे मूळ एकाच कापसात होते, म्हणून विभागणी नावापुरतीच झाली. अशा संस्थेचा पडलेला शेअर घेणारा माणूस एका कागदात दहा पडलेले कागद घेत होता, आणि तेही उसन्या पैशाने बांधलेले. भरीला एक कलम असे, की बऱ्याच कंपन्यांच्या शेअरांचे पुरते पैसे भरलेले नसत. उरलेले हप्ते कंपनी, किंवा ती बुडाल्यावर तिचा लिक्विडेटर, मागू शके. असा शेअर फुकट मिळाला तरी महाग पडू शकतो, कारण कागदाबरोबर देणेही अंगावर येते.

बँक ऑफ बॉम्बेची गोष्ट वेगळी वाटते. १८४०मध्ये स्थापन झालेली ही बँक. सरकार तिचे भागीदार आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी. बाजार कोसळल्यावर सावध माणसाने काही घ्यावे तर या बँकेचा शेअर घ्यावा, असेच कोणीही म्हणाले असते. पण १८६३मध्ये तिच्या सनदेतील जुनी बंधने सैल केली गेली आणि ती शेअरांच्या तारणावर कर्जे देऊ लागली. सेक्रेटरीच्या हाती फार मोठे अधिकार होते, त्याच्यावर प्रेमचंद रायचंदांचे वजन होते, आणि कर्जे कोणाला किती द्यावीत याला धरबंध उरला नाही. १८६८च्या आरंभी बँक गुंडाळावी लागली. त्याच नावाने नवी बँक उभी राहिली, आणि जुन्या बँकेच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दारावरची पाटी १८४०ची होती, पण तिजोरीतला माल १८६४चा होता. पाटी पाहून घेणारा बुडाला.

यावरून पडत्या बाजारातले सारेच टाकाऊ होते असे मात्र नाही. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीचे काम चालले होते. तिचेही शेअर सट्ट्यात सापडले. पण तिच्या हाती बंदराचा खराखुरा किनारा होता. जहाजे तिथे लागत, माल उतरे. कापूस महाग असो की स्वस्त, मुंबईला धक्का लागणारच होता. हे बंदर एका खाजगी कंपनीच्या मुठीत राहणे धोक्याचे, असे सरकारला वाटले. १८७०मध्ये सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि त्याच पायावर १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. दोन्ही कंपन्या भरावाच्याच. एकीच्या जमिनीला गिऱ्हाईक हवे होते, दुसरीकडे गिऱ्हाईक आधीच उभे होते.

आता घेणाऱ्यांकडे वळू. यांत सर्वांत चांगली नोंद जमशेटजी टाटांची सापडते. ते १८६४च्या अखेरीस लंडनला निघाले तेच तिथे एक हिंदी बँक काढण्याच्या बेताने, आणि त्या बेतात प्रेमचंदही होते. इकडे मुंबई कोसळली. जमशेटजींच्या हाती उरली ती कापसाची न वटणारी बिले. त्यांनी धनकोंपुढे सगळा हिशेब उघडा ठेवला, आणि धनकोंनी त्यांनाच महिना वीस पौंडांवर आपल्याच पेढीचे काम आवरायला नेमले. म्हणजे मुंबईत सगळे स्वस्त झाले होते तेव्हा टाटांकडे घ्यायला पैसा नव्हता. पैसा आला तो १८६७-६८च्या अॅबिसिनियाच्या मोहिमेत, नसरवानजींनी इतरांबरोबर घेतलेल्या रसदीच्या कंत्राटातून.

१८६९मध्ये चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी जमशेटजींनी घेतली, तिथे कापसाची गिरणी घातली, अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले आणि दोनेक वर्षांत ती केशवजी नाईक यांना नफ्याने विकली. ही खरेदी पडझडीनंतर चार वर्षांनी झालेली आहे. तळ नेमका गाठण्याचा प्रश्नच आला नाही. शिवाय कापसाचा भाव उतरल्याने जे व्यापारी मेले, त्याच उतरत्या भावाने गिरणीवाल्याचा कच्चा माल स्वस्त झाला होता. हाती असलेले पैसे कर्जाऊ नव्हते, त्यामुळे १ जुलैसारखी तारीख डोक्यावर टांगलेली नव्हती.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. १८८६मध्ये याच माणसाने कुर्ल्याची धरमसी मिल घेतली. मिल डबघाईला आलेली, किंमत मूळ खर्चाच्या मानाने फारच कमी. मधल्या काळात नागपूरची एम्प्रेस मिल (१ जानेवारी १८७७) यशस्वी झाली होती, आणि टाटांहून गिरणीधंदा अधिक जाणणारी माणसे मुंबईत थोडीच होती. तरी फसगत झाली. यंत्रे अपेक्षेपेक्षा कितीतरी वाईट निघाली, दुरुस्तीला अंत नव्हता, माल मनासारखा निघेना. स्वदेशी मिल या नावाने काढलेल्या नव्या कंपनीचा भाव पडला आणि भागधारक अस्वस्थ झाले. ती वाचवायला टाटांना एम्प्रेसचे स्वतःचे शेअर विकावे लागले आणि नागपूरहून कसलेली माणसे आणावी लागली. मिल उभी राहिली, पण काही वर्षांनी, आणि खरेदीच्या किमतीवर बरेच ओतल्यानंतर.

चिंचपोकळी आणि कुर्ला यांत फरक कुठे पडला? माझ्या मते तो असा. तेलगिरणी घेताना जुन्या धंद्यावर काहीच भिस्त नव्हती. जागा आणि इमारत घेतली, बाकीचे आपणच घालायचे हे आधीच ठरलेले होते. धरमसी मिल घेताना जुनी यंत्रे चालतील हे गृहीत होते आणि स्वस्ताई त्या गृहीतावरच उभी होती. चालू गिरणी हे दिसायला बुडालेल्या गिरणीपेक्षा सुरक्षित. पण तिच्यातला दोष झाकलेला असतो, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवल्याशिवाय ती स्वस्त आहे की महाग हे कळत नाही. मग स्वदेशी का तगली? तिच्यामागे दुसरीकडे उभी असलेली, नफा देणारी एम्प्रेस होती म्हणून. अंदाज चुकला तरी मालक बुडणार नव्हता. ज्याच्याकडे एम्प्रेस नव्हती त्याने तीच खरेदी, तितक्याच हुशारीने केली असती, तर आज त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

हे शेवटचे वाक्य इतिहास वाचणाऱ्याने विसरू नये. पडत्या बाजारात धीर धरणाऱ्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात त्या तगलेल्यांच्या. १८६५च्या उन्हाळ्यात उतरत्या भावाने बॅक बे घेणाऱ्यांचाही धीर कमी नव्हता. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानालाही त्या वर्षाने जबर फटका दिला. बुद्धी कमी पडली म्हणून, असे कोण म्हणेल? राणीच्या बागेतल्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे, त्याची कोनशिला १८६२मध्ये बसली, आणि तेजीत जमलेल्या वर्गण्यांचा ओघ आटल्यावर सरकारने हात घालून ते १८७२मध्ये खुले केले. राजाबाई टॉवर पुरा व्हायला १८७८ उजाडले. त्याला पैसे देणारे प्रेमचंद तोवर आपले देणे जमेल तसे फेडून पुन्हा कामाला लागले होते. ते १९०६पर्यंत जगले.

पुढे मुंबईने अनेक मंद्या पाहिल्या. दर वेळी पडलेल्या शेअरांची आणि फंडांची यादी निघते, आणि दर वेळी पहिला रकाना असतो तो शिखरापासून किती टक्के उतरला याचा. १८६५ला अशी यादी केली असती तर तिच्यात बॅक बे सर्वांत वर आली असती, आणि चिंचपोकळीची तेलगिरणी तिच्यात नसतीच.