तळटीप ७ : मेणबत्तीवरचा पतंग आणि गुहेतला कुत्रा
७. ज्योतीवर झेपावणारा पतंग ही गटेची स्वतःची कल्पना नव्हे. ती फारसी सुफी काव्यातून आलेली आहे. १८१४ मध्ये त्याने हाफिजचा दिवान (काव्यसंग्रह) योसेफ फॉन हामरच्या जर्मन भाषांतरात वाचला. फारसी त्याला येत नव्हती. अरबी लिपी मात्र तो हौसेने गिरवत असे. त्याच वर्षी ३१ जुलैला पतंगाची ही कविता लिहून झाली आणि १८१९च्या ‘वेस्ट-एस्टलिशर दिवान’मध्ये छापली गेली. सुफींचा पतंग जळून ईश्वरात विरतो, तिथे त्याचा प्रवास संपतो. गटेला तेवढ्यावर थांबायचे नाही. त्याच्या लेखी जळणे ही पुढच्या, वरच्या रूपाची तयारी आहे. हा फरक लहान नाही, आणि त्याला सुफी ठरवणारे अभ्यासक नेमका तोच नजरेआड करतात.

धर्मकथांशी तो अधिक मोकळेपणाने वागतो. एका कवितेत त्याने स्वर्गात चार जनावरांना जागा दिली आहे : येशूचे गाढव, पैगंबरांनी समज दिलेला लांडगा, अबू हुरैराची मांजर आणि सात निद्रिस्तांचा कुत्रा. हा कुत्रा कुराणाच्या अठराव्या सूरेत गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. (निद्रिस्तांची कथा मुळात इफेससच्या ख्रिस्ती परंपरेतली.) गटेच्या कवितेत भक्तीपेक्षा मिस्कीलपणा जास्त आहे.

सुफी भाव मुळाच्या अधिक जवळून हवा असेल, तर वाचकांनी फ्रीडरिश र्‍युकर्टच्या रूमीवर बेतलेल्या गझला पाहाव्यात. तो फारसी शिकलेला होता.