मोटारीतील तांबडा दिवा



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला बेळगावच्या इस्पितळात दाखवून चोर्ला घाटाने आम्ही गोव्यास परतत होतो. मोटार भाचा चालवीत होता. दिवस मावळला, दिवे लावले, आणि थोड्याच वेळात चाकासमोरच्या फळीवर बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा उजळला. भाचा म्हणाला, "मामा, बॅटरी दमली वाटतं. थोडी विश्रांती देऊ या." मलाही ते पटले. घोडा थकला की थांबवावा, इतकाच माझा हिशेब. कडेला थांबून एंजिन बंद केले; अपघाताच्या भीतीने दिवे मात्र चालू ठेवले. अर्ध्या तासाने चावी फिरविली, तो नुसती 'टक्' झाली. आईला धाप लागत होती आणि घाटात मिट्ट काळोख.

पुष्कळ वेळाने एक ट्रक थांबला. चालकाने बॉनेट उघडून विजेरीचा झोत टाकला आणि तुटून लोंबणारा रबरी पट्टा दाखविला. "साहेब, बॅटरीचा काय दोष? तिला भरणारा पट्टाच तुटलाय. चालू गाडी बंद कशाला केलीत?" आईला आपल्या केबिनमध्ये बसवून त्याने आम्हांला साखळीपर्यंत पोहोचविले. त्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधावयास निघालो आणि शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊन पोहोचलो.

पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी मोटारीहून वयाने मोठी आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली सिद्ध केली. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल एवढेच तिचे साहित्य. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची साठवणशक्ती पुष्कळ वाढविली. तरीही प्रारंभीच्या पेट्रोलच्या मोटारींचे तिच्यावाचून फारसे अडत नसे. ठिणगीसाठी मॅग्नेटो असे, उजेडासाठी कार्बाइडचे दिवे असत, आणि एंजिन चालू करावयास समोरून हँडल मारावे लागे. ते हँडल कधी उलटे झटका देई आणि माणसाचे मनगट मोडून ठेवी.

या जाचातून मोटार सोडविली ती चार्ल्स केटरिंग याने. हा गृहस्थ तरुणपणी ओहायोतील खेडेगावात शाळामास्तर होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो! पुढे रोकड मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात असताना गल्ल्याचा खण उघडण्यासाठी त्याने लहानशी विजेची मोटर बसविली होती. क्षणभरच काम करावयाचे असेल तर छोटी मोटरही मोठा भार पेलते, हे त्याला तेथे उमगले. तेच सूत्र त्याने एंजिनाला लावले. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत त्याचा विद्युत-स्टार्टर आला. त्याच्या रचनेत एकच यंत्र आधी बॅटरीची वीज घेऊन एंजिन फिरवी आणि एंजिन चालू झाले की उलट बॅटरीला वीज देई.

बॅटरीचा धर्म तेव्हाच ठरला. ती उसने देणारी शेजारीण आहे. सकाळी पायलीभर पीठ द्यावे, दिवसभरात एंजिनाने ते फेडावे. फेड थांबली की तिचा डबा रिकामा होऊ लागतो. तांबडा दिवा सहसा सांगतो ते हेच.

पूर्वी ही देवघेव काट्यावर दिसे. अँमीटरचा काटा शून्याच्या एका बाजूस गेला की जमा, दुसऱ्या बाजूस गेला की खर्च. १९३०नंतरच्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने काट्याऐवजी दिवे बसविले आणि पुढे इतरांनी तोच मार्ग धरला. तिकडे लोक त्यांना चेष्टेने 'मूर्खांचे दिवे' म्हणू लागले. मला ती चेष्टा मान्य नाही. जुन्या रचनेतील हा दिवा मोठा चतुर आहे. त्याचे एक टोक बॅटरीकडे, दुसरे जनित्राकडे. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की त्यातून प्रवाह वाहत नाही आणि तो विझतो. जनित्र थांबले की पेटतो. माझी तक्रार आहे ती त्यावरील चित्राविषयी. रोग जनित्राचा किंवा पट्ट्याचा, आणि चित्र बॅटरीचे! सकाळी स्टार्टर कण्हतो, पण एंजिन चालू झाल्यावर दिवा विझतो, तेव्हा मात्र संशय बॅटरीवरच घ्यावा.

आमच्याकडे ॲम्बॅसॅडरच्या डिकीत हँडल कितीतरी वर्षे असे, म्हणून बॅटरी रुसली तरी चार घामाचे थेंब गाळून काम भागे. आताच्या गाड्यांना ती सोय नाही. तेव्हा धावत्या गाडीत दिवा लागला तर आडरानात एंजिन बंद करू नये. थंड हवेचे यंत्र, रेडिओ, जे वगळता येईल ते वगळावे आणि उजेडाची, माणसांची जागा गाठावी. रात्री पुढचे दिवे मालवून चालणार नाही; पंचावन्न वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टवर नऊ अँपिअर खातात. ठिणगी, पेट्रोलचा पंप, पंखा धरून वीस अँपिअर लागले तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पावणेदोन तास पुरेल. प्रत्यक्षात याहून बरेच आधी ती हात टेकते. मात्र काही गाड्यांत तोच पट्टा एंजिन थंड राखणारा पाण्याचा पंपही फिरवितो. तेथे उष्णतेचा काटा चढू लागला, तर आडरान असले तरी थांबलेच पाहिजे, नाहीतर एंजिनच जळून जाईल.

घाटातून साखळी फार दूर नव्हती. उष्णतेचा काटा पाहत आम्ही हळूहळू तशीच गाडी उतरविली असती, तर बहुधा पोहोचलो असतो. आई आता बरी आहे. भाच्याने नवा पट्टा बसवून घेतला. जुन्याचा तुकडा मी मागून घेतला आणि विजेचा धडा आला की तो वर्गात नेतो.