संहिता की प्रयोग?

जपानच्या स्क्वेअर कंपनीचा ‘क्रोनो ट्रिगर’ हा खेळ १९९५ साली सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी आला. १९९९ साली ‘क्रोनो क्रॉस’ निघाला; परंतु दोन कथानकांमधला दुवा पुष्कळसा मोकळाच राहिला. ती पोकळी भरण्याचे काम २००४पासून काही चाहत्यांनी हौसेने अंगावर घेतले. ‘क्रिमझन एकोज’ ही त्यांची रचना मूळ खेळाच्याच आज्ञावलीत फेरफार करून उभी केलेली: प्रमुख पात्रे जुनीच, संवाद व घटनाक्रम नवे. आख्यानपरंपरेशी परिचित वाचकाला यात काही वावगे वाटू नये. कायद्याला वाटले. मे २००९मध्ये, प्रकाशनाला काही आठवडेच उरले असताना, स्क्वेअर एनिक्सची नोटीस आली आणि काम थांबले.

मग कर्त्यांनी खेळाऐवजी तो खेळतानाचे चित्रण यूट्यूबवर ठेवले. समीक्षकाची खरी अडचण इथे सुरू होते. खेळात कर्त्याइतकाच खेळणाराही कथा घडवत असतो. चित्रणात मात्र एकाच खेळणाऱ्याचे निर्णय उरतात, बाकीच्या वाटा मिटतात. नाटकाची संहिता गहाळ होऊन एकाच प्रयोगाची चित्रफीत हाती यावी, तसे. अपुऱ्या प्रती पुढे चोरवाटेने बाहेर आल्या, हे खरे, पण त्यांतली प्रमाण कोणती मानावी, हा पाठचिकित्सेचा जुनाच (आणि कंटाळवाणा नसलेला!) प्रश्न.

त्याच २००९ साली ख्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन चाहत्याने ‘सॉनिक सीडी’ आयफोनवर चालत असल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. सेगाने २०११मध्ये त्याच्याच हातची आवृत्ती विक्रीस आणली, आणि २०१७चा ‘सॉनिक मॅनिया’ही त्याच्यासारख्या चाहत्यांकडेच सोपवला.