एका दिवसात जाऊन परत: १८६३, १९३० की १९५५?

पुण्याहून रेल्वेने मुंबईला जायचं, काम करायचं आणि त्याच रात्री घरी येऊन झोपायचं. हे कधीपासून शक्य झालं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याची निदान तीन उत्तरं देता येतात आणि तिन्हींच्या मागे पुरावा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हे उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. मी मुळात विज्ञान शाखेतली. आमच्याकडे 'मोजमाप नक्की कशाचं?' हे ठरल्याशिवाय प्रयोगाला हात लावत नाहीत. इतिहासातही तेच करावं लागतं, फक्त तिथे मोजपट्टी आपली आपल्याला बनवावी लागते.

पहिलं उत्तर: १८६३, म्हणजे रूळ

१८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता झाला, पण तेव्हाही मुंबई-पुणे एका दिवसात जाऊन येणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मुंबईहून पाण्याने पनवेल, पुढे गाडी किंवा घोडा, असा तो प्रवास होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भागही सुरू झाला. पण मधला घाट बाकी होता! गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत यायची, तिथे उतरून लोक पालखीने, तट्टावर किंवा चालत घाट चढायचे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचे. १८६३ मध्ये घाटातली लाईन सुरू झाली आणि दोन्ही तुकडे जोडले गेले.

आता थोडं गणित. घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेसाठी हा चढ भलताच अवघड. शिवाय खंडाळ्याजवळ 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढायची. म्हणजे रूळ सलग झाले, तरी प्रवासाचा वेळ एकदम आजच्यासारखा झाला नाही.

त्यामुळे '१८६३' हे 'रूळ कधी जोडले गेले?' या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. आपला प्रश्न वेगळा होता.

दुसरं उत्तर: १९३०, म्हणजे गाडी

१९२९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. घाटात नवा मार्ग काढून ते रिव्हर्सिंग स्टेशन टाळलं गेलं आणि पुण्यापर्यंत विजेचं इंजिन धावू लागलं. त्यानंतर लगेच, १ जून १९३० रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने 'डेक्कन क्वीन' सुरू केली. प्रत्येकी सात डब्यांच्या दोन गाड्या. एक चंदेरी रंगाची, दुसरी गडद निळी. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले आणि वरचं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात झालं.

जरा थांबा, कॅलेंडर काढा आणि १ जून १९३० चा वार बघा. रविवार. सुरुवातीला ही गाडी शनिवार-रविवारपुरतीच होती, या माहितीशी तो वार जुळतो. म्हणजे गाडी आखताना डोळ्यांसमोर होता तो सुट्टीचा प्रवासी. कचेरीत कामाला जाणारा माणूस त्यात बसतच नव्हता. तारखेवरून वार काढायला अर्धा मिनिट लागतो. पण दुसऱ्याकडून आलेली माहिती अशा छोट्या, स्वतंत्र पुराव्याशी ताडून बघायची सवय लावून घ्या. वार जुळल्याने माहिती सिद्ध होत नाही, पण न जुळता तर लगेच शंका आली असती.

तिसरं उत्तर: १९५५, म्हणजे डबा

'डेक्कन क्वीन' सुरू झाली तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग नव्हता. आणि देशातले बहुसंख्य प्रवासी तर तिसऱ्या वर्गानेच जात होते. या मार्गावर तिसऱ्या वर्गाचे डबे असलेल्या इतर गाड्या होत्याच, पण ही वेगवान गाडी त्यांच्यासाठी नव्हती. तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते जून १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षं ती गाडी साध्या तिकिटाच्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जात होती आणि तो फलाटावर दुसऱ्या गाडीची वाट बघत होता.

इथे नवख्या संशोधकासाठी एक खड्डा आहे. १९४९ च्या सुरुवातीला या गाडीतला पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गाचे डबे सुधारून त्यांनाच 'पहिला वर्ग' म्हणू लागले. पुढे १९७४ मध्ये भारतीय रेल्वेने 'तिसरा वर्ग' हे नावच काढून टाकलं आणि तो 'दुसरा वर्ग' झाला. म्हणजे १९३० चा 'दुसरा वर्ग' आणि आजचा 'दुसरा वर्ग' यांचा नावापलीकडे संबंध नाही. आज आपण सेकंड सीटिंगचं तिकीट काढून बसतो, तो डबा १९५५ च्या तिसऱ्या वर्गाचा वारस आहे. कोणी या दोन काळांतल्या 'दुसऱ्या वर्गाच्या' प्रवासीसंख्येचा एकच आलेख काढला, तर आलेख सुबक येईल आणि अर्थ चुकीचा निघेल. मोजताना एकक बदललं की विज्ञानात लगेच कळतं. इतिहासात शब्द तोच राहतो आणि वस्तू हळूच बदलते.

वेळापत्रकात गाडी असणं आणि डब्यात जागा असणं

अजून एक पायरी आहे. समजा रूळ आहेत, गाडी आहे, तिकिटाचा वर्गही आहे. पण आत शिरता येईल का?

यासाठी एक प्रसिद्ध लेखन बघा. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेप्रवासावर लिहिलं. त्यात ते मुंबई ते मद्रास या मेलगाडीच्या प्रवासाचा अनुभव सांगतात. डबा २२ माणसांचा, पण एका रात्रीचा बराचसा वेळ त्यात ३५ पर्यंत माणसं होती. दोन रात्रींचा प्रवास आणि झोपायची धड सोय नाही. आपल्या कामाचा तपशील मात्र वेगळा आहे. पुण्यापर्यंत डब्यात २२ च माणसं राहिली, आणि त्याचं कारण ते असं देतात की आतल्या दांडग्या प्रवाशांनी बाकीच्यांना आत येऊच दिलं नाही.

हा तपशील आपल्या प्रश्नाच्या बाजूने वाचा. लांब पल्ल्याची गाडी, तिसऱ्या वर्गाचा डबा, मुंबई-पुणे टप्पा. दाराशी अडवलेल्यांत जवळच्याच स्टेशनला जाणारंही कोणी असू शकेल. अशा माणसासाठी वेळापत्रकात गाडी होती, खिशात तिकीट होतं, पण प्रवास नव्हता. गांधीजींना हे सांगायचं नव्हतं. त्यांचा रोख प्रवाशांच्या हालांवर होता. तरीही त्यांच्या लेखनातून आपल्याला एक वेगळा प्रश्न मिळतो: लांबच्या आणि जवळच्या प्रवाशांनी एकच डबा वाटून घ्यायचा, तेव्हा जागा कोणाची? सुट्टीच्या दिवशी कर्जत-लोणावळ्यासाठी लांब पल्ल्याच्या गाडीच्या जनरल डब्यात शिरून पाहिलंत, तर हा प्रश्न अजून जिवंत असल्याचं कळेल.

'डेक्कन क्वीन'ला १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातले नवे डबे मिळाले आणि डबे सातावरून बारावर गेले. वेगाइतकंच हेही महत्त्वाचं आहे, पण रेल्वेच्या गौरवगाथेत वेगाला जागा जास्त मिळते आणि बाकांच्या संख्येला कमी.

मग मोजायचं काय?

स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये एक विचार मांडला. माणूस कुठे जाऊ शकतो हे फक्त अंतरावर ठरत नाही. त्याला कधी निघता येतं, कधी परतावं लागतं आणि मध्ये कोणाच्या वेळा पाळाव्या लागतात, यावरही ते ठरतं. हे सूत्र धरून आपण एक सोपी राशी बनवू. तिला 'हाती उरलेला वेळ' म्हणू: परतीची गाडी सुटण्याची वेळ वजा जाताना पोचण्याची वेळ.

सध्याच्या वेळापत्रकावर करून बघू. 'डेक्कन क्वीन' पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या आत मुंबईत पोचते. परतीला ती संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. मुंबईत हाती उरतात साधारण पावणेसात तास. आता उलट दिशा. 'डेक्कन एक्स्प्रेस' मुंबईहून सातच्या सुमारास निघून अकरानंतर पुण्यात येते आणि सव्वातीनच्या सुमारास परत निघते. हाती उरतात फक्त चार तास. त्याऐवजी 'इंद्रायणी'ने आलात तर साडेनऊ तास मिळतात, पण त्यासाठी मुंबईत पहाटे पावणेसहाच्या आधी फलाटावर हजर राहावं लागतं. (वेळा बदलत असतात, जाण्याआधी बघून घ्या.)

अंतर तेच, १९२ किलोमीटर. तरी हाती येणारा वेळ चारपासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. गाडीचा वेग हा या राशीतला एक घटक झाला. गाडी कोणत्या शहरातून सकाळी निघते, हा दुसरा. १९३० ची सुट्टीची गाडी आज पुण्याच्या चाकरमान्यांची गाडी झाली आहे, हे तिच्या सुटण्याच्या वेळेतच लिहिलेलं आहे.

हे नुसतं कोडं नाही. मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्याहून दिवसाच्या फेरीत तिथे गेलं, की चालणं, नोंदणी आणि फाईल हातात येण्याची वाट वजा जाता चारएक तास वाचायला मिळतात. फेलोशिपच्या पैशात मुंबईत राहणं परवडत नाही, म्हणून मी बहुतेक वाचन असंच केलं. कोणत्या विषयावर कोण संशोधन करू शकतं, हेही काही प्रमाणात या वजाबाकीवर ठरतं.

तुमच्यासाठी काम

तुमच्या गावाजवळचं स्टेशन घ्या. न्यूमनचं 'इंडियन ब्रॅडशॉ' हे जुनं वेळापत्रक मोठ्या ग्रंथालयात मिळू शकतं. त्यातलं एक वर्ष निवडा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन त्याच दिवशी परत येताना हाती किती वेळ उरतो ते काढा. मग त्या गाडीला कोणते वर्ग होते ते बघा आणि प्रत्येक वर्गासाठी आकडा वेगळा मांडा. जिथे गाडी आहे पण खालचा वर्ग नाही, तिथे शून्य लिहा. शून्य लिहायला कचरू नका, ती रिकामी जागा नसून नोंद आहे. शेवटी त्या काळातलं एखादं आत्मचरित्र, पत्र किंवा तक्रारअर्ज शोधून बघा, डब्यात खरोखर शिरता येत होतं का.

कोणी 'रेल्वे आली आणि प्रवास सोपा झाला' असं वाक्य लिहिलं, की तिथे पेन्सिलीने तीन प्रश्न लिहा: कोणत्या दिशेने? किती वाजता? कोणत्या डब्यातून? या तिन्हींची उत्तरं एकाच वर्षात मिळाली, असं क्वचितच होतं. मधल्या वर्षांत कोण घरी परतू शकत होतं आणि कोणाला परगावी रात्र काढावी लागत होती, तिथेच तुमचा संशोधनाचा विषय असू शकतो.