कारभार आणि जाबसाल
(वऱ्हाडच्या राज्यव्यवस्थेचे काही जुने-नवे धडे)



मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी चिटणीस महाशयांची आज्ञा झाली. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म मोताळा व मलकापूर या दोन तालुक्यांतील खेड्यांत गेलेला. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास विद्वानांवर सोपवून, आमच्या धामणगाव बढ्यासारख्या गावावर कोणाकोणाचे राज्य झाले आणि त्या राज्यकर्त्यांस हिशेब विचारण्याचा अधिकार कोणास होता, एवढ्याच गोष्टीचा मागोवा घ्यावयाचे आम्ही ठरविले. या विषयाकडे वळण्यास एक खाजगी कारणही घडले. ते पुढे ओघाने येईल.

आमचे गाव वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला आहे. पलीकडे खानदेशची शीव. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. आम्ही मात्र निजामाचेच राहिलो. त्याच्याही मागे जावे तर आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत स्वतःचे आसन पक्के केले. पुढे नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडच्या वसुलात वाटा मिळविला आणि प्रांतात दुहेरी अंमल सुरू झाला. एका शेतकऱ्याच्या खळ्यावर दोन धनी उभे राहत. १८०३ साली अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क संपला. रयतेला वाटले असेल की आता एकच धनी उरला. परंतु हैदराबादचा दिवाण चंदुलाल याच्या कारकीर्दीत मुलूख इजाऱ्याने देण्याची चाल बोकाळली. जो सावकार दरबारात अधिक रक्कम भरील त्याने मुलूख घ्यावा आणि आपली रक्कम नफ्यासह रयतेकडून वसूल करावी, असा तो व्यवहार होता. इजारदार दरबारास उत्तर देई, आणि दरबार कोणासच उत्तर देत नसे.

यानंतरची हकिगत वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आमची विनंती आहे. कारण शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकलेली असते.

निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज ठेवली होती. तिचा पगार थकला आणि कंपनी सरकारचे कर्ज निजामाच्या डोक्यावर चढले. लॉर्ड डलहौसीच्या काळात, २१ मे १८५३ रोजी तह होऊन त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन झाले. एखाद्या कुळाने सावकाराकडे शेत लावून द्यावे, तसा हा सारा प्रांत लावून दिला गेला. वऱ्हाडातील एकाही माणसास त्याविषयी कोणी विचारले नाही. या तहात मात्र एक कलम असे होते की, इंग्रजांनी वऱ्हाडच्या जमाखर्चाचा खरा हिशेब दरसाल निजामास द्यावा आणि शिल्लक उरल्यास तीही द्यावी. म्हणजे हिशेब मागण्याचा हक्क निदान कोणास तरी होता. सात वर्षांनी, १८६० साली, नवा तह झाला. निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब व धाराशिव हे मुलूख त्यास परत मिळाले आणि त्याच्या मोबदल्यात वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क त्याने सोडून दिला.

या १८६० सालाजवळ आम्ही वारंवार थबकतो. त्या वर्षापासून वऱ्हाडातील रयतेच्या घामाच्या पैशाचा हिशेब मागणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर उरला नाही, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विलायतेतील पार्लमेंट होते खरे. परंतु मोताळ्याच्या कुणब्याला ते काशीहूनही लांब.

न्यायाने बोलावयाचे तर इंग्रजांनी कारभार नीटनेटका केला, हे मान्य केले पाहिजे. १८६१ नंतर मुंबई पद्धतीची रयतवारी पाहणी वऱ्हाडात सुरू झाली, जमिनी मोजल्या गेल्या, प्रत ठरली आणि तीस वर्षांचा सारा बांधून मिळाला. इजारदाराच्या लहरीपेक्षा हे कितीतरी बरे. परंतु व्यवस्थित कारभार आणि उत्तरदायी कारभार या दोन भिन्न वस्तू आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे इंग्रजी राज्याची तारीफ करीत, ती पहिल्या गोष्टीची होती. दुसरी त्यांनी पाहिलीच नव्हती, तर ती नसल्याची खंत कोठून असणार?

१९०२ साली लॉर्ड कर्झन याने हैदराबादेस जाऊन निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी बोलणी केली आणि सालिना २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाड कायमचे घेतले. पुढल्या वर्षी ते मध्यप्रांतास जोडण्यात आले. कागदोपत्री मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. त्यामुळे अशी मौज झाली की वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. १९१९च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदे कौन्सिलसाठी वऱ्हाडात निवडणूक होई, परंतु निवडून आलेल्या सभासदांस सरकार पुन्हा आपल्या सहीने ‘नेमून’ घेई. मत लोकांनी द्यावे आणि नेमणूक सरकारने करावी! १९३६ साली निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ अशी पदवी मिळाली, ती या कागदी मालकीचा मान राखण्यासाठीच.

आता गावाकडे वळू. प्रांताचे धनी बदलले तरी गावात सरकार म्हणजे पाटील आणि पटवारी हीच दोन माणसे. वसूल पाटलाने करावा, दप्तर पटवाऱ्याने सांभाळावे, आणि दोघांचीही वृत्ती वंशपरंपरेची. आपल्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांकडे ही पाटीलकी होती व तिचा अभिमान आजही आपल्या लग्नपत्रिकांतून दिसतो. त्यात गैर काही नाही. अनेक पाटलांनी दुष्काळात स्वतःच्या पेवातील ज्वारी गावाला वाटल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. परंतु चांगला पाटील मिळणे ही गावाची पुण्याई मानली जाई. वाईट मिळाला तर त्यास बदलण्याचा उपाय गावाच्या हाती नव्हता, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात तालुक्यागणिक जनपद सभा आल्या. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांची ती योजना. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. लगोलग वसंतराव नाईक यांच्या समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाचा अहवाल दिला. नाईक आपल्याच विदर्भातील पुसदचे. १ मे १९६२ पासून राज्यात २५ जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच १९६२ सालच्या कायद्याने मुलकी पाटीलकी रद्द ठरली आणि १९६७च्या कायद्याने पोलीस पाटील हा वंशाने नव्हे तर नेमणुकीने येऊ लागला. एवढी मोठी क्रांती रक्ताचा थेंब न सांडता घडली. मात्र कायद्याने जे पद गेले, ते मनातून गेले की नाही, याची शंका आम्हांस पुढे आली.

आमच्या मते या साऱ्या बदलाचे मर्म एका कागदात सापडते. तो म्हणजे दुष्काळी कामावरचे मस्टर.

संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ जुनी माणसे ‘छप्पनचा’ म्हणून सांगत. त्या वेळी सरकारी दुष्काळ-संहितेप्रमाणे खडी फोडण्याची कामे निघाली. परंतु ती संहिता म्हणजे सरकारने आपल्याच अंमलदारांना दिलेल्या सूचना होत. काम दिले तर मायबाप सरकारची कृपा आणि न दिले तर नशीब. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९७२ साली, पाऊस पुन्हा रुसला. त्या वेळी आम्ही मराठी शाळेतील विद्यार्थी होतो. आमची मातोश्री आणि दोन चुलत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात आणि दुपारी मिळणारी सुखडी पदरात बांधून आमच्यासाठी आणीत. तिची चव अजून जिभेवर आहे. मुकादम हजेरीला नाव पुकारी तेव्हा बायका धावत पुढे येत. नाव गाळले गेले तर दिवस बुडाला. दाद कोणाकडे मागावयाची, हे कोणासच ठाऊक नव्हते.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने जगाला दाखविण्यासारखी एक गोष्ट निर्माण केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. भाषा पाहा: ‘द्यावे’ हे आता सरकारला उद्देशून होते! छप्पनच्या दुष्काळातील कृपा येथे हक्क झाली. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ सालीच व्यवसाय कराचा कायदा झाला होता. आमच्या पगारपत्रकातून तो कर दरमहा कापला जाई. सहकारी शिक्षक कुरकुर करीत. आम्ही सुखडीची आठवण काढून गप्प बसत असू. पुढे २००५ साली केंद्राने हेच तत्त्व सबंध देशासाठी स्वीकारले.

हिशेब मागण्याचा हक्कही याच सुमारास आला. अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली, राज्याने २००२ सालचा कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही पडत नाहीत. तीस दिवसांत उत्तर यावे. १८६० साली निजामाने जो हक्क विकला तो १४५ वर्षांनी थेट रयतेच्या हाती पडला, असे आम्ही गमतीने म्हणतो.

आता त्या खाजगी कारणाकडे येतो. नोकरीच्या उत्तरार्धात आम्ही ज्या एका गावी होतो, त्या गावाचे नाव येथे देत नाही. नावाशी कर्तव्यही नाही. तेथील सरपंच आपल्याच ज्ञातीतील प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांचे आजे त्या गावचे पाटील. ग्रामसभेत एका मजूर बाईने उठून विचारले की, पाझर तलावाच्या कामाची आपली सात दिवसांची मजुरी का मिळाली नाही. सरपंच ताडकन म्हणाले, “तू कोण विचारणार? तुझ्या सासऱ्याने कधी माझ्या आजाला विचारलं होतं का?” सभा हसली. आम्हीही, सांगावयास लाज वाटते, हसण्यात सामील झालो. कायद्याने गेलेली पाटीलकी त्या दिवशी आम्हांस जिवंत दिसली, आणि ती केवळ सरपंचांतच होती असे नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती बाई शाळेच्या ओट्यावर आली व म्हणाली, “गुरुजी, अर्ज लिहून द्या.” आम्ही दोन दिवस टाळाटाळ केली. ज्ञातीतील माणसाविरुद्ध अर्ज आमच्या अक्षरात गेला तर काय होईल, हे आम्ही जाणत होतो. तिसऱ्या दिवशी लिहून दिला. जे व्हावयाचे ते झाले. पुढची दोन वर्षे त्या घरच्या मंगलकार्याची अक्षत आमच्या दारी आली नाही, आणि “मास्तरने घरचा वासा फिरविला” असे बोल आमच्या मंडळाच्या बैठकीतही उठले. ते बोलणाऱ्यांविषयी आमच्या मनात आज किल्मिष नाही. परंतु हा लेख छापला जात आहे त्याअर्थी तेही तो वाचतील, म्हणून एक प्रश्न नम्रपणे विचारतो. आपल्या मंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर दरसाल छापला जातो आणि त्यातील पै-पैची विचारपूस आपण भर सभेत करतो. ती करणाऱ्यास आपण कधी घरभेदी म्हटले आहे काय?

राजकीय मूल्ये बदलली, असे जे आपण ऐकतो, ते सरळ रेषेत बदलत नाहीत. १९९३ पासून पंचायतींना घटनेचे बळ मिळाले, स्त्रियांना आधी एकतृतीयांश व २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. परंतु कितीतरी गावांत सहीपुरत्या बाई आणि कारभाराला त्यांचे यजमान, असे चालते. ग्रामसभा न बोलाविणारा सरपंच पदास अपात्र ठरू शकतो, असे कायदा म्हणतो. आणि ग्रामसभेच्या वहीवर घरोघर फिरून सह्या घेतल्या जातात, हेही आपण सारे पाहतो. तीच गत वरच्या पायरीवर. २०१७ साली निवडलेल्या आमच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक अंमलदार म्हणून कितीही कर्तबगार असोत, मत मागण्यासाठी त्यांस कोणाच्या दारी यावे लागत नाही. साठ वर्षांपूर्वी जे विकेंद्रीकरण म्हणून वाजतगाजत आणले, ते असे मुकाट्याने बाजूस ठेवले गेले आणि आमच्या भागात त्याविरुद्ध एक साधी सभाही भरल्याचे आम्ही ऐकले नाही. आरक्षण कोणत्या ज्ञातीला सुटेल, याची चर्चा मात्र पारापारावर होती.

असो. त्या बाईच्या अर्जाचे उत्तर आले ते महिना उलटल्यावर. मस्टरच्या नकला होत्या. ती बाई तो कागदांचा पुडका घेऊन शाळेसमोरच्या निंबाखाली आली. मागोमाग पंधरावीस मजूर आले. “गुरुजी, याच्यात काय लिवेल हाय, वाचून दाखवा,” ती म्हणाली. आम्ही एकेक नाव मोठ्याने वाचू लागलो. दोन नावे अशी निघाली की ती माणसे त्या सबंध वर्षात सुरतेस कामाला होती. तिचे नाव होते, दिवस सातच होते, आणि पुढे अंगठाही होता. तिने तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि आपला अंगठा त्याच्याशेजारी धरला. लोक काही बोलले नाहीत. तेवढ्यात सरपंच रस्त्याने चालले होते, ते थांबले, जवळ आले आणि आम्हांस म्हणाले, “मास्तर, पुढची नावं वाचा.” आम्ही वाचली. ते शेवटपर्यंत उभे होते. पंधरवड्याने त्या बाईस तिचे सात दिवस मिळाले.